शंभर लड्यांचा भरतकाम संच घ्यावा की सुटं सामान? नवशिक्यांसाठी टाक्या-टाक्यानं पडताळणी

ऑनलाइन दुकानात भरतकामाचं सामान शोधायला घेतलं की सगळ्यात आधी एक मोठा डबा समोर येतो. आत ५० किंवा १०० रंगीत लड्या, लहान-मोठ्या तीन ते पाच रिंगा, सुयांची डबी, छोटी कात्री, दोरा ओवायचं पत्र्याचं यंत्र, पाण्यानं जाणारं निळं पेन, दोन-तीन कापडाचे तुकडे आणि टाक्यांच्या चित्रांचं एक पान. विकणारे वेगवेगळे असले तरी आतला माल जवळजवळ सारखाच. तेव्हा हे परीक्षण कुठल्या एका नावाचं न करता या प्रकारच्या संचाचं केलं आहे आणि शेजारी सुटं सामान ठेवून पाहिलं आहे. मोजपट्टी एकच: सात-आठ मूळ टाके शिकताना यातली कोणती वस्तू हाताला मदत करते आणि कोणती आडवी येते.

हे एवढं ताणून सांगायचं कारण आहे. दोन दिवस सुई धरून ‘मला काही जमत नाही’ म्हणून डबा कपाटात टाकणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचे टाके उलटून पाहिले तर चूक बहुधा रिंगेची किंवा दोऱ्याची निघते. हात बिचारा ठीकच असतो.

पहिल्यांदा लड्यांचा हिशोब करू, कारण संच विकला जातो तो लड्यांच्या संख्येवर. भरतकामाच्या नेहमीच्या लडीत ८ मीटर दोरा असतो आणि त्याचे ६ पदर सुटे करता येतात. शिकताना बहुतेक काम २ पदरांनी होतं, म्हणजे एका लडीतून २४ मीटर दुपदरी दोरा मिळतो. आता उलटी टीप घ्या. वर एक टाका दिसतो, खाली त्याच्या दुप्पट दोरा जातो. म्हणून जेवढी रेष तेवढ्याच्या तिप्पट दोरा. दांडी टाका अर्ध्या-अर्ध्या टाक्यानं पुढे सरकतो, त्यालाही तिप्पटच. साखळीत वर फासाच्या दोन बाजू आणि खाली एक, पुन्हा तिप्पट. प्रत्येक ४५ सेंटिमीटरच्या दोऱ्यातले १०-१२ सेंटिमीटर टोकं बंद करण्यात जातात, ते वजा केले की २४ पैकी साधारण १८ मीटर कामाचा उरतो. म्हणजे एका लडीत ६ मीटर रेष. रुमालाच्या कोपऱ्यात काढलेल्या वेलीची सगळी दांडी ३० सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. शंभर लड्यांतून ६०० मीटर रेष निघेल, ती नवशिक्यानं कुठे काढायची? पहिल्या सहा महिन्यांना ८ रंग भरपूर झाले: दोन हिरवे, लाल, गुलाबी, पिवळा, निळा, तपकिरी आणि काळा.

संख्या मोठी ठेवायची आणि किंमत आवाक्यात ठेवायची म्हटलं की तडजोड दोऱ्याच्या प्रतीत होते. चांगला दोरा लांब तंतूंच्या कापसाचा आणि मर्सराइज्ड असतो, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ताणून त्याला चकाकी आणि बळ दिलेलं असतं. अँकर कंपनीचा सहा पदरी दोरा आपल्याकडे गावोगावच्या शिवणसामानाच्या दुकानात मिळतो आणि शिकण्यासाठी तो उत्तम आहे. फ्रान्सच्या डीएमसी कंपनीचा दोरा थोडा अधिक तुकतुकीत आणि ५०० रंगांत मिळतो, पण इथे तो बराच महाग पडतो. सरावाला त्याची गरज नाही. संचातल्या काही बिननावी लड्यांवर डीएमसीचेच क्रमांक छापलेले असतात. तो क्रमांक बघून पुढे खरी लडी आणली तर रंग जुळेलच असं धरू नका.

दोरा घरी तपासायच्या तीन रीती आहेत. एक पदर काढा आणि टोक पेटवा. सुती दोरा कागद जळल्यासारखा वास देऊन मऊ राख सोडतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिस्टर वाईट असतो असं नाही, पण त्याला सुती दोऱ्याइतकी पकड नसते, त्यामुळे मागे ओवून ठेवलेलं टोक सुटतं आणि सैल टाका सैलच राहतो. दुसरी तपासणी: दुपदरी दोरा सुईत घालून एकाच कापडातून वीस वेळा वर-खाली ओढा. त्यावर लव आली, गाठोळी दिसली, तर तो दोरा भरीव टाक्यात, म्हणजे आकार दोऱ्यानं पूर्ण भरायच्या टाक्यात, कधीच चकाकणार नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. लाल, मरून, गडद निळा आणि काळा या रंगांचा वीतभर दोरा ओला करा, पांढऱ्या कापडात गुंडाळा, वरून गरम इस्त्री दाबा. कापडावर डाग उतरला तर तो रंग पांढऱ्या रुमालावर वापरू नका. महिनाभराचं काम पहिल्या धुण्यात गुलाबी होतं, ते या एका कारणानं. कधी रंग फुटलाच तर कापड वाळू देऊ नका. गार पाण्याखाली धरा, पाणी नितळ येईपर्यंत धुवत राहा. डाग वाळला की बसला.

दोरा वापरायची पद्धत संचातलं पान क्वचितच सांगतं. लडीवरच्या दोन्ही कागदी पट्ट्या जागेवर राहू द्या आणि मोकळं टोक ओढा. अडकलं तर दुसरं टोक धरा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर कापा. त्याहून लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो, पीळ साठतो, गुंता होतो. मग पदर एकेक करून वरच्या बाजूनं सरळ ओढून काढा आणि पाहिजे तेवढे पुन्हा जवळ ठेवा. दोन पदर एकदम ओढले की उरलेल्या चारांची गाठ होते. एकेक काढून जुळवलेले पदर कापडावर शेजारी-शेजारी सपाट बसतात. न सोडवता वापरलेले एकमेकांत पिळलेलेच राहतात आणि टाका दोरीसारखा दिसतो.

आता रिंग. संचातली सगळ्यात फसवी वस्तू हीच आहे. रिंगेचं काम कापड डफासारखं ताणून धरायचं. टिचकी मारली तर टणक आवाज आला पाहिजे आणि दहा मिनिटं काम केल्यावरही तो तसाच राहिला पाहिजे. स्वस्त प्लास्टिकच्या रिंगेची आतली कड गुळगुळीत असते, कापड सरकतं. बांबूच्या हलक्या रिंगेत दुसरा दोष: बांबूची पट्टी वाकवून जोडलेली असल्यामुळे ती पुरती गोल नसते. तपासायला कापडाशिवाय दोन्ही कडी एकमेकांत बसवा, स्क्रू आवळा आणि उजेडासमोर धरा. दोहोंमध्ये कुठे उजेडाची फट दिसली की नेमकं तिथं कापड सैल पडणार. स्क्रूची पितळी पट्टी खिळ्यानं नीट बसवली आहे का तेही पाहा. संचातल्या रिंगांत ती दोन-चार वेळा आवळली की उपटून येते.

पाच रिंगांऐवजी ६ इंची एकच जाड लाकडी रिंग घ्या, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मिळाली तर छान. ६ इंच अशासाठी की रिंग धरलेल्या हाताची बोटं खालून मध्यापर्यंत पोचतात. ८ किंवा १० इंची रिंगेत मधला भाग बोटांच्या टप्प्याबाहेर जातो आणि गाठ टाका घालताना फजिती होते. आतल्या कड्याला १ सेंटिमीटर रुंदीची सुती फीत तिरकी गुंडाळून शेवटी दोन टाके मारा. या पाच मिनिटांच्या कामानं साधी रिंगही दुप्पट चांगली धरते आणि कापडावर वळ कमी उठतात. हाताशी संच आलेलाच असेल तर त्यातल्या बांबूच्या रिंगेलाही हाच उपाय करा; फट बारीक असेल तर भरून निघते.

कापड चढवताना आधी स्क्रू सैल, मग वरचं कडं दाबायचं, थोडं आवळायचं, चारही बाजूंनी उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेनं ओढायचं आणि मग पुरतं आवळायचं. तिरकं ओढलं तर विणीचे चौकोन वाकडे होतात. रिंगेत गोल दिसणारं फूल रिंग काढल्यावर लांबट होतं, त्याचं कारण हे. उजव्या हाताच्या माणसानं स्क्रू घड्याळातल्या १० ते ११ च्या जागी ठेवावा, डावखुऱ्यानं १ ते २ च्या जागी. म्हणजे दोरा स्क्रूत अडकत नाही. काम थांबवलं की रिंग काढून ठेवा. चार दिवस तशीच ठेवली तर वळ इस्त्रीनंही जात नाही.

सुयांच्या डबीत ३० सुया पाहून आनंद होतो, पण त्यातल्या बऱ्याच साध्या शिवणाच्या असतात, बारीक गोल नेढ्याच्या. भरतकामाच्या सुईचं नेढं लांबट असतं, त्यात पदर सपाट शिरतात. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटं गणित लक्षात ठेवा. एका पदराला १० नंबर, २ ते ३ पदरांना ७ ते ९, चार ते सहा पदरांना ५. सुई फार बारीक असली तर दोरा छिद्रातून घासत जातो आणि पिसतो. फार जाड असली तर टाक्याच्या टोकाशी भोक दिसत राहतं. तमिळनाडूत निलगिरीतल्या केट्टी इथं बनणाऱ्या पोनी सुयांचं भरतकामाचं पाकीट घेतलं की शिकण्यापुरता प्रश्न मिटला. संचातल्या सुईची परीक्षा सोपी आहे: नेढ्यातून दुपदरी दोरा दहा वेळा मागे-पुढे करा. आतली कड खरखरीत असेल तर तो तिथंच तुटतो.

ओवायचं पत्र्याचं यंत्र जाड दोऱ्याला जोर लावला की तारेपाशी निखळतं. त्यापेक्षा दोरा सुईवरून दुमडून बोटांत घट्ट चिमटा, सुई काढून घ्या आणि तो चपटा दुमड नेढ्यात ढकला. तरीही शिरला नाही तर दोऱ्याऐवजी नेढं ओलं करून पाहा. कात्रीचं टोक एक सुटा पदर स्वच्छ कापतं का एवढंच बघायचं. पदर पात्यांमध्ये दुमडला तर ती कात्री कागदाला ठेवा.

कापडाच्या बाबतीत संच सगळ्यात कमी पडतो. येणारे तुकडे कधी पॉलिस्टर मिसळलेले, कधी कॅनव्हाससारखे जाड, आणि आकारानं रिंगेपुरतेच. रिंगेबाहेर चारही बाजूंना किमान २ इंच कापड हवं, नाहीतर धरायला काही उरत नाही. सुती केंब्रिक किंवा पॉपलीन अर्धा मीटर घ्या, पांढरं किंवा फिकं. ९० सेंटिमीटर पन्ह्याच्या अर्ध्या मीटरात २५ बाय ३० सेंटिमीटरचे ६ तुकडे निघतात. कोऱ्या कापडाला खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. न धुता भरत काढलं तर नंतर कापड आटतं, दोरा तेवढा आटत नाही, आणि भरताभोवती चुण्या पडतात. म्हणून आधी धुवा, इस्त्री करा, कडांना तिरके मोठे टाके मारून घ्या म्हणजे धागे सुटणार नाहीत. मांजरपाट सरावाला चालतं, पण त्याची वीण असमान असल्यानं बारीक टाका हलल्यासारखा दिसतो. अगदी लहान मुलांना सुरुवात करून द्यायची असेल तर मॅटीचं कापड, बोथट टोकाची २४ नंबरची सुई आणि फुली टाका. छिद्रं मोजून घालायचा असल्यामुळे तो हमखास नीट येतो.

निळं पेन मात्र संचातली खरोखर उपयोगी वस्तू आहे, एक पथ्य पाळलं तर. धुण्याआधी त्यावर इस्त्री फिरवायची नाही. उष्णतेनं ती शाई पक्की होते. आधी कोपऱ्यात रेघ मारून, पाण्यानं पुसून पाहा. उष्णतेनं पुसली जाणारी जेल पेनंही काही जण वापरतात. त्यांच्या खुणा इस्त्रीनं जातात पण कडाक्याच्या थंडीत परत दिसू लागतात. घरात वापरायच्या वस्तूला अडचण नाही, थंड देशात राहणाऱ्या मुलीला पाठवायच्या भेटीला आहे. जुनी खाक्याची पद्धत, म्हणजे ट्रेसिंग कागदाला टाचणीनं भोकं पाडून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं फिरवायची, ती एकच नक्षी अनेकदा उतरवायची असेल तेव्हा अजूनही सगळ्यात जलद.

टाक्यांच्या पानावर बहुधा वीस-पंचवीस टाक्यांची चित्रं असतात, प्रत्येकाला एक चौकोन. सुई कुठून कुठे जाते ते चित्रात दिसतं. दोरा किती ओढायचा, टाका किती लांब, बिघडला तर का, यातलं काहीच नसतं. ती उणीव इथं भरून काढायचा प्रयत्न आहे.

धावदोरा आपल्याकडे शिकवावा लागत नाही. गोधडी घातलेल्या कुठल्याही घरात तो डोळ्यासमोर असतो. फरक एवढाच, की गोधडी सैल कापडावर घालतात, तिथं सुईवर चार-पाच टाके एकदम घेता येतात. रिंगेतल्या ताणलेल्या कापडात तसं करायला गेलं की कापड सैल पडतं. रिंगेत प्रत्येक टाका दोन हालचालींचा: सुई सरळ खाली, मग सरळ वर. टाका ४ मिलिमीटर, मधली जागा त्याहून थोडी कमी. चुण्या पडल्या तर दोरा जास्त ओढला आहे. हाच धावदोरा परत फिरून मधल्या जागा भरत आला की दोन्ही बाजूंनी सारखी रेष होते. कर्नाटकातल्या कसुती भरतकामात याला गवंती म्हणतात. दुसऱ्या फेरीत सुई आधीच्याच छिद्रात गेली पाहिजे, पण आधीच्या दोऱ्याला न छेदता.

उलटी टीप ३ मिलिमीटरची. सुई एक टाका पुढे वर काढायची आणि मागच्या टाक्याच्या टोकाच्या छिद्रातच खाली घालायची. छिद्र चुकलं की रेषेत फटी दिसतात. वळणावर टाका २ मिलिमीटर करा. लांब टाक्यांनी वळण घेतलं की गोलाचा षटकोन होतो.

दांडी टाक्यावर मात्र जास्त वेळ द्या. फुलझाडाच्या बहुतेक नक्ष्यांचा कणा हा टाका आहे. डावीकडून उजवीकडे जायचं, टाका ५ मिलिमीटर, आणि प्रत्येक वेळी सुई आधीच्या टाक्याच्या मध्याशी वर काढायची. दोरा सतत सुईच्या खालच्या बाजूला राहिला पाहिजे. दहा टाके खाली आणि अकरावा वर गेला की दोरीचा पीळ तिथं तुटल्यासारखा दिसतो, आणि नवशिक्याला कारण कळत नाही. उपाय म्हणजे सुई वर काढण्याआधी मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं दोरा खाली दाबून धरायचा. डावखुऱ्यांनी उजवीकडून डावीकडे जावं. संचातल्या पानात त्यांच्यासाठी चित्रं नसतात, पान आरशासमोर धरलं की मिळतात.

साखळी टाका हाताला लगेच जमतो आणि लगेच बिघडतोही. सुई वर काढा, त्याच छिद्रात परत घाला, फास ठेवा, ४ मिलिमीटर पुढे फासाच्या आतून वर काढा. आता ओढताना दोरा कापडापासून वर आणि रेषेच्या पुढच्या दिशेनं न्या, फास कापडाला टेकला की थांबा. त्याहून ओढलं की फासाची फट मिटते आणि साखळीची नुसती रेष होते. दोरा मध्येच संपला तर शेवटचा फास सैल ठेवून जुना दोरा मागे सोडा, नवा दोरा त्या फासाच्या आतून वर काढा, मग जुना मागून ओढून फास बेताचा करा आणि टोक ओवून टाका. जोड ओळखूही येत नाही. संपवताना शेवटच्या फासावरून एक बारीक टाका घातला नाही तर साखळी शेवटाकडून उसवत येते. एकटा फास असाच बांधला की लेझी डेझीची पाकळी. पाच-सहा पाकळ्या एकाच मध्यछिद्रातून काढू नका, तिथं कापड फाटतं. मध्याभोवती २ मिलिमीटरचं वर्तुळ आखा आणि त्याच्या कडेवरून पाकळ्या सुरू करा.

फ्रेंच गाठ सगळ्यांना घाबरवते. तिच्यात चुका दोनच आहेत. गाठ कापडातून आरपार जाते, कारण सुई ज्या छिद्रातून वर आली त्यातच परत घातली. कापडाचे एक-दोन धागे सोडून बाजूला घाला. आणि गाठीवर सैल फास उरतो, कारण ओढताना दोरा ताणून धरलेला नव्हता. सुईभोवती दोनच वेढे घ्या, सुईचं टोक कापडात टेकवा, दोरा ओढून वेढे कापडापर्यंत सरकवा, मग तो ताण न सोडता सुई खाली न्या. या टाक्याला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून रिंग टेबलाच्या कडेला टेकवा. मोठी गाठ हवी असेल तर वेढे वाढवण्याऐवजी पदर वाढवा. चार-पाच वेढ्यांची गाठ एका बाजूला कलते.

काज टाक्यात, म्हणजे बटणाच्या काजाच्या कडेला घालतात त्या टाक्यात, उभे पाय सारख्या अंतरावर आणि सारख्या उंचीचे येण्यासाठी निळ्या पेनानं दोन समांतर रेघा आखून घ्या, एवढं पुरे.

भरीव टाका शेवटी शिका. संचातल्या छापील नक्षीत नेमका तोच आधी असतो, तोही दीड-दोन इंचांच्या पाकळ्यांत, आणि तिथंच माणूस हरतो. भरीव टाक्याची लांबी १ सेंटिमीटरच्या आत हवी. त्याहून लांब दोरा कापडावर लोंबतो, नखात अडकतो, धुतल्यावर लव धरतो. आधी आकाराची कड उलट्या टिपेनं काढा, मग तिच्या बाहेरून टाके घ्या, म्हणजे कड करवतीसारखी होत नाही. सुरुवात आकाराच्या मधोमध करा, एक अर्धा भरा, परत मध्याशी येऊन दुसरा. टोकापासून सुरू केलं तर टाके हळूहळू तिरके होत जातात. दोरा मागच्या बाजूनंही तेवढाच जातो, त्यामुळे वरच्या भरावाच्या दुप्पट लागतो. मोठ्या पाकळ्या छापलेल्या असतील तर त्या साखळीच्या ओळींनी भरा. दिसायला सुंदर, आणि सरावही होतो.

सुरुवातीला गाठ मारा असं बहुतेक पानं सांगतात. गाठ भरीव टाक्याखाली फोडासारखी उठते आणि सैल विणीतून निसटते. दोनपदरी कामाला याहून चांगली युक्ती आहे: ९० सेंटिमीटरचा एकच पदर घ्या, मध्यावर दुमडा, दोन्ही टोकं नेढ्यातून घाला. सुई खालून वर काढताना फास मागेच राहू द्या, पहिला टाका खाली नेला की सुई त्या फासातून काढा आणि ओढा. गाठीशिवाय दोरा पक्का. शेवट करताना मागच्या बाजूच्या चार-पाच टाक्यांखालून सुई ओवून, एकदा उलट फिरवून कापा. मागून एका आकारातून दुसऱ्यात लांब उडी मारू नका. १ सेंटिमीटरच्या पुढे गडद दोरा पांढऱ्या कापडातून दिसतो.

तर संच कुणी घ्यावा? शंभर लड्यांचा कुणीच घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाच-सहा मुलांच्या सुट्टीतल्या वर्गाला फ्रेंडशिप बँड किंवा लोकरीसारख्या कामांत त्या लड्या खपतील, तेवढाच अपवाद. एका नक्षीचा छोटा संच, ज्यात ५ ते ८ रंग, एक रिंग आणि छापलेलं कापड असतं, तो मात्र वाईट नाही. घेण्याआधी चित्र मोठं करून बघा: रेषांचं काम जास्त आणि भरीव आकार लहान असतील तर चालेल. छपाई धुतल्यावर जाणारी आहे की पक्की तेही विचारा. पक्की असेल तर प्रत्येक टाका रेघ पूर्ण झाकणारा लागतो, आणि ते पहिल्या महिन्यात होत नाही.

सुटं सामान घेणं हा खरा मार्ग, आणि त्याला बहुतेक वेळा मोठ्या संचापेक्षा पैसे कमीच लागतात. पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर. बाकी गावांत शिवणसामानाचं कुठलंही जुनं दुकान. तिथं दुसरा फायदा असा, की रिंग हातात घेऊन उजेडासमोर धरता येते. ८ लड्या, ६ इंची रिंग, भरतकामाच्या सुयांचं एक पाकीट, अर्धा मीटर केंब्रिक, निळं पेन, फीत. कात्री घरातली बारीक टोकाची असली तर तीही नको. पदर सोडवायचा कंटाळा येत असेल तर एक-दोन रंगांत ८ नंबरच्या पर्ल कॉटनचा गोळा घेऊन पाहा. तो पिळाचा एकच दोरा असतो, सोडवायचा नसतो, एका गोळ्यात ८० मीटरच्या आसपास मिळतो आणि धावदोरा, साखळी, काज टाका त्यावर फार ठसठशीत उठतात. भरीव टाक्याला आणि बारीक पानांना तो जाड पडतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात शिकायला घेणार असाल तर सुया स्पंजात किंवा कापडात खुपसून ठेवू नका, आठवड्यात गंजतात, आणि गंजाचा ठिपका पांढऱ्या कापडातून निघत नाही. मूळ पाकिटाच्या कागदात, घट्ट झाकणाच्या डबीत, सोबत खडूचा तुकडा टाकून ठेवा. रोज सुरू करताना सुई आधी फडक्यातून दोनदा ओढा, मग कापडाला लावा.